दमास्कसची सुरी आणि शिकलगार

गेल्या महिन्यात भाच्याने एक सुरी आणून माझ्यापुढे ठेवली. "मामू, हिचा फोटो काढून द्या. माझ्या मोबाइलमध्ये काहीच दिसत नाही."

सुरी त्याने स्वतः घडवलेली होती. कुणा ग्राहकाने माप, वजन, मुठीचे लाकूड सगळे सांगून बनवून घेतलेली. आठ इंची पाते, शिसवीची मूठ, पितळेचे दोन रिव्हेट. पात्यावर थेट पाण्यावर उमटतात तशा लहरी होत्या. सुरीची खरी किंमत त्या लहरींची, आणि फोटोत नेमक्या त्याच गायब होत होत्या. ट्यूबलाइटखाली काढला तर पाते पांढरेफेक. खिडकीसमोर धरले तर त्यात माझा चेहरा आणि वरचा पंखा. फ्लॅश मारला तर मधोमध एक चांदणी आणि बाकी काळोख. माझा कॅमेरा बऱ्यापैकी आहे, पण पहिली वीस-पंचवीस छायाचित्रे वाया गेली.

मग नाना आठवले. माझ्या आईचे वडील. सायकल स्टँडवर चढवून, पायडलने दगडी चाक फिरवत सांगली-मिरजेच्या गल्ल्यांतून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत हिंडलेला माणूस. त्यांच्या कमाईचे दोन हंगाम, दसरा आणि बकरी ईद. दसऱ्याच्या आधी शेतकऱ्यांचे विळे-कोयते, ईदेच्या आधी आठ दिवस गावभरच्या सुऱ्या. धार लावून झाली की ते पाते घेऊन दारात जात, उजेडाला तिरके धरत, आणि एक डोळा मिटून त्याच्या अंगावरून नजर फिरवत. मी मध्ये उभा राहिलो की म्हणत, "हट बाजू. उजाला सामने से नको, बाजू से होना."

भाच्याला म्हटले, पडदा ओढ. एका फटीतून तिरपा उजेड आत येऊ दे. पात्याच्या पलीकडे काळे कापड धर, म्हणजे त्यात खोलीचे प्रतिबिंब पडणार नाही. त्याने तसे केले आणि कॅमेऱ्याच्या काचेत लहरी एकदम वर आल्या. तो म्हणाला, "मामू, हे कुठे शिकलात?" त्याला खरे उत्तर द्यायचे तर बगदादपासून सुरुवात करावी लागेल. ते त्या दिवशी जमले नाही, म्हणून हा लेख.

आधी सुरीविषयी. भाचा तिला 'दमास्कस' म्हणतो. त्याचे ग्राहकही तेच म्हणतात. त्याची रीत अशी. साध्या कार्बन पोलादाच्या आणि निकेल असलेल्या पोलादाच्या पंधरा पट्ट्या एकाआड एक रचायच्या, भट्टीत पिवळ्या होईपर्यंत तापवायच्या, मध्ये टाकणखार भुरभुरवायचा आणि घणाने एकजीव करायच्या. मग तो ठोकळा ओढून लांब करायचा, कापायचा, दुमडायचा, पुन्हा ठोकायचा. तीन वेळा असे केले की एकशेवीस थर होतात. घडवून, घासून झाल्यावर पाते लोहचुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत, आणि त्याच्याही थोडे पुढे, तापवून तेलात बुडवायचे. पोलादाला पाणी देणे म्हणतात ते हे. तेवढ्याने ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून नंतर ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास. शेवटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवले की साधे पोलाद काळवंडते, निकेलवाले चकाकत राहते आणि नक्षी दिसू लागते. हे द्रावण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळते.

काम कष्टाचे आहे, सुंदर आहे. पण इतिहासात ज्याला दमास्कसचे पोलाद म्हणत ते हे नव्हे. थर जोडून पाती बनवण्याची ही कला युरोपातही जुनीच. अमेरिकेत बिल मोरन नावाच्या लोहाराने १९७३ साली सुरी बनवणाऱ्यांच्या एका प्रदर्शनात अशी पाती मांडली आणि त्यांना 'दमास्कस' म्हटले. तेव्हापासून जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांत हे नाव रूढ झाले. पाकिस्तानातल्या वजीराबादेतून आज या नावाच्या सुऱ्या ढिगाने परदेशी जातात. नावाबद्दल मी भाच्याशी भांडत नाही. बाजाराने दिलेले नाव बदलत नाही, आणि मूळ दमास्कसचे नावही बाजारानेच दिले असावे.

मूळ दमास्कस पोलादात थर जोडलेले नसतात. ते मुशीत वितळवलेले पोलाद. लोखंडाचे तुकडे आणि थोडा झाडपाला किंवा लाकूड मातीच्या मुशीत घालायचे, तोंड मातीने लिंपायचे, आणि तासन् तास भात्याची आच द्यायची. लोखंड कोळशाचा अंश पिऊन वितळते. मग मूस सावकाश थंड होऊ द्यायची आणि फोडायची. आत पोलादाची छोटी वडी मिळते. कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे भाच्याच्या पोलादाच्या दीडपट तरी. ही वडी मंद लाल आचेवर, अगदी सबुरीने ठोकून पाते ओढले, तर पोलादाच्या पोटातले कार्बाइडचे कण रांगा धरतात, आणि लहरी उमटतात त्या या रांगांच्या. म्हणजे नक्षी बाहेरून घातलेली नसते, पोलादाच्या घडणीतच असते. युरोपातल्या लोहारांनी हे पोलाद आपल्या सवयीने पांढऱ्या आचेपर्यंत तापवले, तेव्हा ते घणाखाली भुगा होऊन पडले.

या वड्या बनत होत्या दक्षिण हिंदुस्थानात आणि श्रीलंकेत. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम. नांदेडहून फार लांब नाही. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारा हेन्री वॉयसी हा भूशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेला. तो १८२४ मध्ये वारला, पण त्याचे टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्यात भट्ट्या आहेत, मुशी आहेत, आणि एक माणूसही आहे: हाजी हुसेन, इस्फहानचा व्यापारी. हा गृहस्थ इराणहून येऊन त्या तेलुगू गावात मुक्काम ठोकून होता. लोखंड तोलण्यापासून तयार वडीची परीक्षा होईपर्यंत सगळ्यावर त्याची नजर. मला हा हाजी हुसेन फार आवडतो. हज केलेला इराणी माणूस, तेलुगू बोलणाऱ्या भट्टीवाल्यांच्या शेजारी उकिडवा बसून मूस फुटण्याची वाट बघतो आहे. त्यांचे आपसातले बोलणे कोणत्या भाषेत चालत असेल?

म्हणजे माल तेलंगणाचा, पाते ओढणारा लोहार इस्फहानचा, आणि नाव सीरियातल्या एका शहराचे. आपल्यातले काही लोक दमास्कसच्या तलवारीचा विषय निघाला की 'आपली इस्लामी कला' म्हणून छाती फुगवतात. त्यावर दुसरे कुणी 'हे सगळे आमच्याकडून नेलेले' म्हणून तावातावाने उत्तर देते. दोघांनाही कोनासमुद्रमला पाठवावे असे वाटते. तिथून वडी नेली नाही, विकत घेतली, भाव करून. आणि वडी म्हणजे तलवार नव्हे. ती ठोकण्याची कला इराणी लोहारापाशी होती, तशी ती इथेही होती.

जुन्या अरबांना मात्र हे ठाऊक होते, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. इस्लामपूर्व काळापासून अरबी कवितेत चांगल्या तलवारीसाठी 'मुहन्नद' हा शब्द आहे. अर्थ, हिंदची, हिंदी पद्धतीची. काब बिन झुहैर यांनी रसूलल्लाहसमोर म्हटलेल्या प्रसिद्ध कसीद्यातही हा शब्द येतो, आणि तोही खुद्द रसूलल्लाहच्या वर्णनात. आपल्या मदरशांत हा कसीदा पढवला जातो. त्या एका शब्दात आपला मुलूख बसला आहे हे मला कुणी शाळेत सांगितले असते तर बरे झाले असते.

पुढे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या तत्त्वज्ञाने खलिफा मुतसिमसाठी तलवारी आणि त्यांच्या जाती यावर एक पुस्तिका लिहिली. मुतसिमची कारकीर्द ८३३ ते ८४२. तत्त्वज्ञ असूनही हा माणूस बाजारात फिरलेला दिसतो. येमेनी, हिंदी, सरनदीबच्या पोलादाची, अशा जाती तो एकेक करून वेगळ्या करतो. पात्यावरच्या लहरीला तो 'फिरिंद' म्हणतो. जात ओळखायची ती पोलादाच्या रंगावरून, लहरीच्या वळणावरून. दोनशे वर्षांनी अल-बिरुनीने गझनीत रत्नांवर ग्रंथ लिहिला, 'किताब अल-जमाहिर'. हिरे, माणके, मोती यांच्या त्या ग्रंथात त्याने लोखंड आणि पोलादालाही जागा दिली. मझीद बिन अली नावाच्या दमास्कसच्या एका लोहाराने तलवारींवर पुस्तक लिहिल्याचेही तो नोंदवतो. लोहाराने लिहिलेले पुस्तक! ते आज हाती नाही. पण लोहार लिहीत होता आणि बिरुनीसारखा विद्वान त्याचा दाखला देत होता, एवढे त्यावरून कळते. आपल्याकडे या लहरीला पुढे 'जौहर' म्हणू लागले. जवाहीर, जव्हेरी यांच्याच घरातला शब्द.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हे जौहर नुसते ठोकून दिसत नाही. भट्टीतून आलेले पाते काळे, खरबरीत असते. कुणीतरी ते कुरुंदाच्या भुकटीने, मग त्याहून बारीक भुकटीने, आरशासारखे होईपर्यंत घासायचे, चरबीचा अंश राहू नये म्हणून राखेने धुवायचे, मग खनिज क्षाराचे पाणी चोळायचे. इराणात त्याला 'झाग' म्हणत. आपल्याकडे हिराकस म्हणतात ते त्याच जातीचे. क्षार जास्त झाला तर पाते खाल्ले जाते, कमी झाला तर लहर उठत नाही. हे करणारा माणूस लोहार नव्हे. अरबीत त्याला 'सैकल' म्हणतात, फारसीत सैकलगर. मराठीत आला तो शिकलगार झाला, आणि त्याच्या कामाला 'शिकल करणे' असा शब्दही मराठीने घेतला.

लोहारांची नावे पात्यांवर सापडतात. 'अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी' अशी सोन्याची मोहोर जगभरच्या संग्रहालयांत इतक्या पात्यांवर आणि इतक्या लांब काळातली आहे, की ती सगळी एका माणसाची असणे शक्य नाही. नाव खपत होते म्हणून कोरले जात होते. शिकलगाराचे नाव मात्र मी एकाही पात्यावर पाहिलेले नाही. ज्याच्या हातातून गेल्याशिवाय जौहर दिसत नव्हते त्याचे!

दख्खनमध्ये या माणसाला कामाची वाण नव्हती. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मराठे, मोगल, सगळ्यांच्या फौजा इथेच, आणि चार महिने कोकणातून घाटमाथ्यावर आपटणारा पाऊस. धोप असो, पट्टा असो की समुद्रमार्गे आलेल्या युरोपीय पात्याची फिरंग असो, गंज सगळ्यांना सारखाच. पावसाळा सरला की खंडेनवमीला शस्त्रे पूजेला आणि दसऱ्याला मोहिमेसाठी बाहेर काढायची. मधल्या दिवसांत घासून लख्ख करणारा माणूस लागणारच. नानांचा दसऱ्याचा हंगाम त्याच पंचांगातून आलेला असावा असा माझा कयास आहे.

मग हे काम गेले कसे? तलवारीच गेल्या हे उत्तर बरोबर, पण अपुरे. इंग्रजी अमलात फौजा मोडल्या, १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, आणि विलायती पोलाद स्वस्तात येऊ लागल्यावर मुशीच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. पण त्याच सुमारास आमच्या कामाचे दुसरे काहीतरी होत होते, लंडन आणि शेफील्डमध्ये. हा भाग मला नानांना सांगता आला नाही याची खंत आहे.

मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा एक डॉक्टर होता. त्याने १७९४ च्या सुमारास या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कू' या शब्दाचे इंग्रजांनी 'वूट्झ' केले. जॉर्ज पिअर्सन या डॉक्टरने त्यावर प्रयोग करून १७९५ मध्ये निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत बनणारे' असे म्हटले आहे! मुंबई बंदरातून आले म्हणून मुंबईचे. दमास्कसच्या नावाचे जे झाले तेच पुन्हा. कोनासमुद्रमसारख्या गावाचा पत्ता याही वेळी वाटेत गळून पडला.

त्याच निबंधात एक सुरी आहे. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाची एक छोटी सुरी घडवली, लेखणी तासायची. मागणी करून, हाताने घडवून घेतलेली सुरी. भाच्याच्या धंद्याचा हा जुना दाखला. स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारा, जोखून-पारखून बोलणारा माणूस. त्याला हे पोलाद इतके पसंत पडले की पुढे त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावर वूट्झचे नाव छापून त्याला युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा सरस ठरवले. पुढे त्याच्याबरोबर मायकल फॅरडेने काम केले. विजेचा शोधक म्हणून आपण ज्याला ओळखतो तो, लोहाराचा मुलगा. १८१९ मध्ये फॅरडेने वूट्झचे पृथक्करण केले आणि त्याचे गुण त्यातल्या अॅल्युमिनाच्या अंशामुळे आहेत असा निष्कर्ष काढला. तो चुकला. पण त्या नादात दोघांनी पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहायला सुरुवात केली, आणि मिश्र पोलादांच्या अभ्यासाला तिथे तोंड फुटले.

रशियात झ्लातोऊस्त इथे पावेल अनोसोव याने १८३१ मध्ये असे पोलाद घासून, अम्लाने खुलवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८६३ मध्ये शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, सौम्य अम्ल लावले आणि उजेड पाडून सूक्ष्मदर्शकातून पाहिला. पुढच्या वर्षी त्याने त्याची छायाचित्रे विद्वानांच्या सभेत मांडली. धातूची अंतर्गत रचना पाहण्याचे शास्त्र इथून सुरू झाले असे मानतात. आज कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुले तेच करतात: घासा, धुवा, अम्ल लावा, उजेडात पाहा. भाचाही इंजिनीअरिंगला हेच शिकला. त्याच्या कॉलेजच्या वहीत ही कृती पाच पायऱ्यांत लिहिलेली आहे. मी ती वाचली आणि हसू आले. यातली एकही पायरी सैकलगराला नवी नव्हती.

जौहरचे कोडे नीट सुटायला मात्र विसावे शतक संपत आले. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातला अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह आपला निष्कर्ष छापला. पेंड्रे हा घोड्यांना नाल ठोकणारा माणूस, पण जुनी रीत शोधण्यासाठी त्याने आपल्या भट्टीत कित्येक वड्या बनवून पाहिल्या. मूळ खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश असला, तरच वारंवार तापवण्या-ठोकण्यात कार्बाइडच्या रांगा जमतात. सगळ्याच खाणींच्या लोखंडात तो नसतो. म्हणजे कारागिराचा हात तोच राहिला आणि खाण बदलली तर जौहर उठणार नाही, आणि का ते त्याला कळणारही नाही. कला कशी हरवते याचे एक उत्तर यात आहे. शास्त्रज्ञाच्या बरोबरीने नालबंदाचे नाव त्या निबंधावर आहे, हे मला विशेष वाटले.

तर, फोटो. लहरी वर आल्यावर भाच्याने पाते फिरवले. मुठीजवळ छोटा ठसा होता: शिकलगार. आडनाव, देवनागरीत. तेवढ्यात त्याची आई, माझी धाकटी बहीण, चहा घेऊन आली आणि ठसा बघून थबकली. "हा फोटो इंटरनेटवर टाकणार? नावासकट?" मग माझ्याकडे वळून, "भाईजान, तुम्ही तरी सांगा त्याला. मुसलमान पोराच्या हातात सुरी, लोक काय बघतील?"

मी लगेच काही बोलू शकलो नाही. सुरी स्वयंपाकघरातली आहे, सोबत ग्राहकाची पावती आहे, कायद्याने काही अडचण नाही, हे सगळे मला ठाऊक होते आणि तिलाही. दोन हंगामांत दोन्ही समाजांच्या दारात बसून धार लावणाऱ्या नानांना हा प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही. आमच्या पिढीला तो पडू लागला आणि भाच्याच्या पिढीने तो गृहीतच धरला आहे. तो शांतपणे म्हणाला, "अम्मी, ठसा गरम असताना मारलाय. आता निघत नाही."

बहीण काही न बोलता आत गेली. परत आली ती एक लाल कांदा आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन. सुरीशेजारी फळीवर ते मांडले, जुडी जरा मागे सरकवली, आणि म्हणाली, "आता काढ." उजेड बाजूनेच होता. लहरी, ठसा आणि कांदा, तिन्ही नीट आले आहेत. भाच्याने तोच फोटो टाकला.